पासष्टीपर्यंत पोचणारे पुरुष

जन्म-मृत्यूचा हिशेब : भाग ६

१ मे १९८१ रोजी जालना जिल्हा औरंगाबादपासून वेगळा झाला. त्याच सुमारास देशाच्या जन्म-मृत्यूच्या हिशेबातही मोठा पालट होत होता. १९७०-७५ मध्ये भारतीय पुरुषाचं सरासरी आयुर्मान ५०.५ वर्षं होतं, स्त्रीचं ४९. १९८१-८५ मध्ये पारडं फिरलं : पुरुष ५५.४, स्त्रिया ५५.७. २०१६-२० पर्यंत हे अंतर जवळपास तीन वर्षांवर गेलं. बाळंतपणातले मृत्यू घटले, मुलींची आबाळ काहीशी कमी झाली, ही आनंदाचीच गोष्ट. पण पुरुष मागे का पडला?

मागच्या भागात पाहिलेली सरासरी इथे अपुरी पडते. म्हणून लोकसंख्याशास्त्रज्ञ आणखी एक प्रश्न विचारतात : आजचे मृत्युदर कायम राहिले, तर आज जन्मलेल्या शंभर मुलग्यांपैकी किती जण वयाची पासष्टी गाठतील? स्वीडनमध्ये सुमारे नव्वद. आपल्याकडे त्याहून कमी, पण त्याचं मुख्य कारण आता बालमृत्यू नाही. महाराष्ट्रातला अर्भकमृत्यू दर २०२० मध्ये हजारी सोळापर्यंत उतरला होता. याचा अर्थ, आता पाळण्यातली मुलं वाचतात. गळती होते ती कर्त्या वयात, तिशी ते साठीच्या दरम्यान.

ही गळती किती भयानक होऊ शकते, ते रशियानं दाखवलं. १९८५ च्या मे महिन्यात सोव्हिएत नेते गोर्बाचेव्ह यांनी दारूविरोधी मोहीम सुरू केली. पुरुषांचं आयुर्मान दोन-तीन वर्षांतच सुमारे ६२ वरून ६५ वर गेलं. मोहीम ढिली पडली, पुढे सोव्हिएत संघ कोसळला, कारखाने बंद पडले, व्होडका स्वस्त झाली आणि १९९४ मध्ये हाच आकडा ५८ च्याही खाली घसरला. त्या वर्षीच्या मृत्युदरानं निम्मे पुरुषही पासष्टी पाहणार नव्हते. ना युद्ध, ना दुष्काळ! बर्नाऊल, बीस्क आणि तोम्स्क या शहरांतल्या दीड लाख लोकांचा अभ्यास २०१४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. धूम्रपान करणाऱ्या पुरुषांत आठवड्याला एका बाटलीहून कमी व्होडका पिणाऱ्यांचा ३५ ते ५४ या वयात मरण्याचा धोका १६ टक्के, तर तीन किंवा अधिक बाटल्या पिणाऱ्यांचा ३५ टक्के निघाला.

जालन्याची कारणं वेगळी आहेत, वय मात्र तेच. बिडी भारतीय पुरुषाच्या आयुष्यातली साधारण सहा वर्षं खाते, हे संशोधक प्रभात झा आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्येच मांडलं. राज्यातला दर तिसरा पुरुष कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू घेतो. रस्ते अपघातांत दगावणाऱ्यांत बहुसंख्य पुरुषच. त्यात पाण्याची ओढ : २०१२-१३ च्या दुष्काळात जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या आणि २०१५ या एका वर्षात मराठवाड्यात ११०० हून अधिक शेतकऱ्यांनी जीव दिला. कर्ज सातबाऱ्यावरच्या नावावर असतं, आणि ते नाव बहुतेकदा पुरुषाचं.

रक्तदाब आणि साखर मात्र गाजावाजा न करता मारतात. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाची तपासणी व्हावी म्हणून आशाताई घरोघर फिरून माहिती भरतात. पण त्या दारात येतात तेव्हा घरधनी रानात असतो, ऊसतोडीला गेलेला असतो, नाहीतर औद्योगिक वसाहतीतल्या रोलिंग मिलच्या पाळीवर. बायका तपासून घेतात, पुरुष राहून जातात. ही तपासणी बाजार समितीच्या आवारात, पाळी बदलण्याच्या वेळी मिलच्या फाटकाशी, भोकरदन-परतूरच्या आठवडी बाजारात का होऊ नये? दाब मोजायला पाच मिनिटं पुरतात आणि रोजची गोळी सरकारी दवाखान्यात मोफत मिळते. रशियातली चढण दोन-तीन वर्षांत दिसली होती. इथे कारणं वेगळी आहेत, वेळ कदाचित जास्त लागेल, पण चढण अशक्य मानायला कारण नाही.

२०११ च्या जनगणनेत देशात साठीपुढच्या स्त्रिया ५.३ कोटी होत्या आणि पुरुष ५.१ कोटी, एकूण लोकसंख्येत मात्र हजार पुरुषांमागे ९४३ च स्त्रिया. मागे राहिलेल्या या स्त्रियांचं म्हातारपण कसं जातं, ते पुढच्या भागात.