फुगा फुटला, जीव वाचला, पुढे?

'गेम ऑफ थ्रोन्स'ची नायिका एमिलिया क्लार्क २०११ मध्ये लंडनच्या जिममध्ये व्यायाम करत असताना तिच्या मेंदूतल्या रक्तवाहिनीवरचा फुगा, म्हणजे अन्यूरिझम, फुटला. वय अवघे २४. मांडीच्या धमनीतून नळी थेट मेंदूपर्यंत नेऊन डॉक्टरांनी तो बंद केला. दोनेक आठवड्यांनी एका रात्री नर्सने तिला नाव विचारले. तोंडातून भलतेच, निरर्थक शब्द बाहेर पडू लागले. आठवडाभरात वाचा परत आली आणि पुढे ती शूटिंगलाही गेली. पण त्या दिवसांतला थकवा आणि भीती तिने जाहीरपणे लिहिली ती २०१९ मध्ये.

आपल्याकडे अशा वेळी नातेवाइकांचा पहिला प्रश्न असतो, 'ऑपरेशन यशस्वी झाले ना?' प्रश्न रास्त आहे, पण अपुरा. फुगा बंद केला की तो पुन्हा फुटण्याचा धोका बहुतांशी टळतो. हा धोका पहिल्या २४ तासांत सर्वाधिक, म्हणून तर घाई. आधी सांडलेल्या रक्ताने केलेले नुकसान मात्र त्याने भरून निघत नाही. साधारण चौथ्या ते चौदाव्या दिवसात मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसू शकतात आणि कालपर्यंत बोलणारा पेशंट आज गुंगीत जातो. निमोडिपीनच्या गोळ्या दर चार तासांनी, रात्री उठवूनसुद्धा, २१ दिवस देतात त्या यासाठीच. काहींच्या मेंदूत पाणी साठते, मग ते वाहून नेणारी नळी, म्हणजे शंट, बसवावी लागते. पेशंट दाखल होताना किती शुद्धीवर होता, यावर पुढचे बरेचसे ठरते.

कवटी उघडून क्लिप लावावी, की आतून प्लॅटिनमची कॉइल भरावी? मुख्यतः ब्रिटन-युरोपात झालेल्या 'आयसॅट' चाचणीत २,१४३ रुग्ण होते. वर्षभराने मृत किंवा परावलंबी असलेल्यांचे प्रमाण कॉइलच्या गटात सुमारे २४ टक्के, तर क्लिपच्या गटात सुमारे ३१ टक्के निघाले. २००२ मध्ये हे निष्कर्ष आल्यावर कॉइलिंगकडे कल वाढला. पण कॉइल भरलेला फुगा पुन्हा उघडू शकतो, म्हणून नंतरही अँजिओग्राफी करावी लागते. शिवाय चाचणीतले बहुतेक रुग्ण मुळात बऱ्या अवस्थेत दाखल झालेले, दोन्ही उपचार चालतील असे होते. वाटेतच दगावलेले त्या हिशेबात नाहीत.

माझा खरा आक्षेप मात्र 'चांगला परिणाम' ठरवण्याच्या मापाला आहे. त्यासाठी रँकिन मापपट्टी वापरतात: शून्य म्हणजे ठणठणीत, सहा म्हणजे मृत्यू. दोनपर्यंतचे सगळे 'चांगल्या' रकान्यात. आंघोळ, जेवण, बाजारहाट स्वतः करणारा माणूस तिथे बसतो. मग त्याला ऑफिसातला ताळेबंद जुळो वा न जुळो. विसराळूपणा, चिडचिड, अर्ध्या दिवसातच गळून जाणे, पुन्हा डोके दुखले की उडणारी घाबरगुंडी हे त्या पट्टीवर नीट उमटत नाही. घरच्यांना मात्र ते रोज दिसते. 'आता बरा आहेस ना, मग बसून का राहतोस?' हे वाक्य अशा घरांत फार लवकर येते.

तेव्हा फेरतपासणीला जाताना नुसते स्कॅन घेऊन जाऊ नका. झोप, स्मरणशक्ती, मूड, कामाचा उरक यांत काय बदलले ते कागदावर लिहून न्या आणि मेंदूच्या पुनर्वसनाबद्दल स्पष्ट विचारा. कामावर परतायचेच असेल, तर सुरुवात अर्ध्या वेळेने करू द्या.