कप्पी असलेली रबरी कोंबडी

कॅरिबियन समुद्रातल्या एका काल्पनिक बेटाचा कडा. समोर पाण्यात आणखी एक इवलंसं बेट, त्यावर एक घर, आणि कड्यापासून त्या घरापर्यंत ताणलेली तार. समुद्री चाचा व्हायचं म्हणून निघालेल्या गायब्रश थ्रीपवुडला पलीकडे जायचं आहे. पूल नाही, होडी नाही. वाटेत गोळा केलेला बराच ऐवज मात्र जवळ आहे आणि त्यात जादूटोण्याच्या दुकानातून उचललेली एक रबरी कोंबडीही आहे. तिच्या मधोमध कप्पी बसवलेली. ही वस्तू हाती लागते तेव्हा खेळणारा हसतो आणि विसरून जातो. मग कड्यावर येऊन अडकतो. कोंबडी तारेवर चढवायची आणि कप्पीच्या आधाराने घसरत पलीकडे जायचं, हे कुणाला पाच मिनिटांत सुचतं, कुणाला पाच दिवस सुचत नाही. वस्तूच्या नावातच ‘कप्पी’ आहे. उत्तर पहिल्यापासून पडद्यावर लिहिलेलं असतं.

हा गेम ‘द सीक्रेट ऑफ मंकी आयलंड’. लुकासफिल्म गेम्सने तो १९९० मध्ये बाजारात आणला; रॉन गिल्बर्ट, टिम शेफर आणि डेव्ह ग्रॉसमन यांनी तो लिहिला. माउसने चित्रातल्या वस्तूंवर क्लिक करायचं, वस्तू उचलायच्या, माणसांशी बोलायचं, कोडी सोडवत गोष्ट पुढे न्यायची, असा हा पॉइंट-अँड-क्लिक प्रकार. यात नेमबाजी नसते, बोटांची चपळाई लागत नाही. खेळण्याचा बराचसा वेळ अडकून बसण्यातच जातो. बाहेरच्या माणसाला हा दोष वाटतो. मला तो या प्रकाराचा गाभा वाटतो. रचणाऱ्याने आपल्याला कुठे अडकवलं आणि सुटायला काय हाती दिलं, यावर गेमची प्रत ठरते.

कोंबडी सुचत नाही तेव्हा डोक्यात नेमकं काय होतं, याचा अभ्यास संगणक येण्याच्या आधीच झाला होता. मिशिगन विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ नॉर्मन मायर यांनी १९३१ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. खोलीत छताला दोन दोऱ्या टांगलेल्या. त्यांची टोकं एकमेकांना बांधायची. पण एक दोरी धरली की दुसरीपर्यंत हात पोचत नाही. खोलीत इतर सामानाबरोबर एक पक्कड पडलेली असते. ती एका दोरीला बांधून झोका द्यायचा, म्हणजे दोरी आपणहून हातात येते. पण पक्कड म्हणजे पकडण्याचं हत्यार, ही ओळख इतकी घट्ट बसलेली असते की ती वजन म्हणून दिसतच नाही. अडकलेल्यांसमोरून मायर सहज चालल्यासारखे जात आणि जाता जाता दोरीला धक्का देऊन ती हलती करत. त्यानंतर अनेकांना उत्तर सुचलं. ते कसं सुचलं असं विचारल्यावर मात्र बहुतेकांना त्या हलत्या दोरीची आठवणही नव्हती. आपलं आपल्यालाच सुचलं, असं त्यांना मनापासून वाटत होतं.

कार्ल डुंकर या जर्मन मानसशास्त्रज्ञाचा मेणबत्तीचा प्रयोग याच जातीचा. मेणबत्ती, काडेपेटी आणि टाचण्यांनी भरलेलं खोकं एवढ्यावर मेणबत्ती भिंतीला लावायची. खोकं रिकामं करून भिंतीला टाचलं की त्यावर मेणबत्ती उभी राहते. पण टाचण्या खोक्यात असतात तोवर ते फक्त टाचण्या ठेवायचं भांडं असतं. टाचण्या बाहेर काढून खोकं रिकामंच समोर ठेवलं, तर किती तरी जास्त लोकांना उत्तर सापडतं.

चांगला कोडेकार म्हणजे दोरीला धक्का देणारा मायर, असं मी म्हणेन. तो उत्तर सांगत नाही. त्याच्यापर्यंत जाणारी एक हालचाल तो नजरेच्या कडेला ठेवतो आणि शोधाचं सगळं श्रेय खेळणाऱ्याला घेऊ देतो.

ही समज यायला वेळ लागला. या परंपरेचा उगम एका खऱ्या गुहेत आहे. केंटकीमधल्या मॅमथ केव्ह या प्रचंड गुहासमूहात हिंडणारा, तिथल्या सर्वेक्षणात भाग घेतलेला प्रोग्रॅमर विल क्राउदर याने सत्तरच्या दशकाच्या मध्यावर फक्त शब्दांतून चालणारा गुहेचा गेम लिहिला. १९७७ मध्ये स्टॅनफर्डच्या डॉन वुड्सने त्यात भर घातली. गुहेत वाट चुकणं स्वाभाविक असतं, आणि पुढच्या गेमांनी ते चुकणं वारशाने घेतलं. केन आणि रॉबर्टा विल्यम्स या दांपत्याच्या सिएरा ऑन-लाइन कंपनीने १९८० मध्ये ‘मिस्टरी हाउस’मधून अशा शब्दांच्या गेमला चित्रं जोडली, १९८४ मध्ये ‘किंग्ज क्वेस्ट’ आणला, आणि कॅलिफोर्नियातल्या ओकहर्स्टसारख्या लहान गावातून एक मोठा उद्योग उभा केला.

पण सिएराच्या गेममध्ये अडकण्याची एक वाईट तऱ्हा होती. १९९० च्या ‘किंग्ज क्वेस्ट ५’मध्ये राजा ग्रॅहम बेकरीतून कस्टर्डची गोड पेस्ट्री विकत घेतो. पुढे बर्फाळ डोंगरात त्याला भूक लागते. जवळ खायला आहे, तर खेळणारा पेस्ट्री खायला घालतो. त्यानंतर समोर येतो हिममानव, आणि त्याला हरवायचा एकच उपाय असतो: तीच पेस्ट्री त्याच्या तोंडावर फेकणं. खाऊन टाकली असेल तर गेम तिथेच संपला. त्याच गावात एक मांजर उंदरामागे धावताना एकदाच दिसतं. त्या क्षणी हाताशी असलेली वस्तू मांजरावर फेकून उंदीर वाचवला नाही, तर बऱ्याच नंतर सराईच्या तळघरात ग्रॅहमला बांधून ठेवतात तेव्हा दोर कुरतडायला कुणी येत नाही. खेळणारा तळघरात डोकं आपटत राहतो. चूक तासन्‌तास मागे, एका गल्लीत झालेली असते, आणि गेम त्याबद्दल अवाक्षर काढत नाही. अशा ठिकाणी विचार करून काही उपयोगच नसतो. विचाराचा खेळ रचून त्यातून विचारच निरुपयोगी करून टाकणं मला अक्षम्य वाटतं.

गिल्बर्टलाही तसंच वाटत होतं. १९८७ मध्ये गॅरी विनिकबरोबर ‘मॅनिएक मॅन्शन’ केल्यावर, ‘मंकी आयलंड’ घडत असतानाच्या काळात, १९८९ मध्ये त्याने एक निबंध लिहिला. हे गेम कंटाळवाणे आणि त्रासदायक का होतात, असा त्याचा रोखठोक विषय. ख्रिस क्रॉफर्डच्या गेम-रचनेवरच्या नियतकालिकात तो छापून आला. मरायला लावून शिकवू नका. मागे राहिलेल्या वस्तूपायी खेळणाऱ्याची वाट कायमची बंद करू नका. दरी आधी दिसू द्या, दोर नंतर सापडू द्या. कोड्याने गोष्ट पुढे सरकली पाहिजे. असा त्याचा सूर होता. आज हे सगळं उघड वाटतं. तेव्हा बाजारात नेमकं उलटं विकलं जात होतं.

दरी-दोराचा नियम खुद्द गिल्बर्टची कोंबडी मोडते. ती गावातल्याच दुकानात मिळते, म्हणून बहुतेकांच्या हाती तारेच्या आधी पडते. तरीही ते कोडं अन्यायाचं वाटत नाही, कारण इतकी विचित्र वस्तू मनाच्या कोपऱ्यात जागा धरून बसते. तारेकडे बघताना ती कधी ना कधी हालते. नियमापेक्षा स्मरणाची ही बाजू महत्त्वाची आहे, आणि ती निबंधापेक्षा गेममधून जास्त स्पष्ट होते.

पुढच्याच वर्षी, १९९१ च्या ‘मंकी आयलंड २’मध्ये, त्याच मंडळींचा तोल गेला. धबधबा बंद करायला पंपाची चावी फिरवायची असते, आणि त्यासाठी पियानो वाजवणाऱ्या माकडाला मेट्रोनोमवर केळं ठेवून संमोहित करायचं, उचलून खिशात घालायचं आणि पाना म्हणून वापरायचं. अमेरिकेत त्या हत्याराला ‘मंकी रेंच’ म्हणतात. ब्रिटनमध्ये आणि आपल्याकडे तो शब्द रोजच्या वापरात नाही. इथे उत्तर गेममध्ये कुठेच नव्हतं. ते एका देशाच्या बोलण्यात होतं.

अडकलेल्यांसाठी एक समांतर व्यवसायही उभा राहिला. शब्दगेम करणाऱ्या इन्फोकॉमच्या ‘इन्व्हिजिक्लूज’ पुस्तिका अदृश्य शाईत छापलेल्या असत. सोबतच्या पेनाने घासलं की एक ओळ उमटे. एकाच प्रश्नाखाली तीन-चार उत्तरं, पहिलं नुसतं सुचवणारं, शेवटचं पूर्ण उलगडणारं. किती घासायचं ते तुम्ही ठरवायचं. मला ही कल्पना या सगळ्या इतिहासातली सर्वांत सुसंस्कृत गोष्ट वाटते. सिएराच्या पुस्तिकांत लाल पारदर्शक पट्टी ठेवून उत्तर वाचावं लागे. शिवाय मिनिटागणिक पैसे आकारणाऱ्या टेलिफोन सेवा होत्या. ज्या कंपनीने अडकवलं तिनेच सोडवण्याचे पैसे घ्यायचे, यात कोडं अवघड ठेवण्याचा मोह किती शिरला असेल, हा विचार सुटत नाही. ‘मंकी आयलंड २’मध्ये तर जंगलातल्या फोनवरून गायब्रश स्वतःच कंपनीच्या मदतसेवेला फोन लावतो.

आपल्याकडे नव्वदच्या दशकात हे गेम बहुधा नक्कल केलेल्या फ्लॉप्यांवरून आले. पुस्तिका नाही, शाई नाही, अमेरिकेतला फोन तर विचारातही नाही. मी पुण्यात ज्या मित्राच्या घरी खेळायचो तिथे एक माउस आणि भोवती चार डोकी असत. कुणी शाळेत जाताना सायकलवर काही तरी सुचलं म्हणून मधल्या सुट्टीत सांगे आणि संध्याकाळची वाट पाहणं सुरू होई. १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं. पुढे फक्त अक्षरं दाखवणारी विद्यार्थ्यांची खाती आली आणि तेवढं पुरेसं होतं, कारण गेमची संपूर्ण उत्तरं साध्या मजकुराच्या फाइलमध्येच फिरत. एकदा ती फाइल उघडली की हात थांबत नसे. एका कोड्यासाठी उघडायची आणि पुढची दहा वाचून जायची. पायरीपायरीने उमटणारी शाई आणि ही फाइल यांतला फरक मला तिथे कळला.

या प्रकाराच्या पडझडीचा दाखला म्हणून एकच कोडं पुन्हा पुन्हा सांगितलं जातं. १९९९ चा ‘गॅब्रिएल नाइट ३’, लेखिका जेन जेन्सन, स्थळ दक्षिण फ्रान्समधलं रेन-ल-शातो हे खरंखुरं गाव. गॅब्रिएलला मोटरसायकल भाड्याने हवी आहे, आणि ती त्याचा पोलीस मित्र मोझली याच्या नावावर राखून ठेवलेली आहे. म्हणून मोझलीचं सोंग घ्यायचं. त्याचा पासपोर्ट आणि कोट लंपास करायचा. मांजर ज्या भोकातून ये-जा करतं तिथे चिकटपट्टी लावायची, पाणी उडवून मांजराला त्यातून पळवायचं, पट्टीला चिकटलेले केस सिरपने ओठावर लावून मिशा करायच्या. आणि मोझलीला मिशा नाहीतच. म्हणून त्याच्या पासपोर्टवरच्या फोटोला पेनाने मिशा काढायच्या.

घोडं पेंड खातं ते इथेच. मांजर, पट्टी, सिरप यांतली प्रत्येक जोड एकेकटी घेतली तर चालून जाईल. पण मिशा कशाला हव्यात, याला गोष्टीत कारणच नाही. मायरच्या खोलीत दोऱ्या बांधायच्या आहेत हे माहीत असतं; इथे काय बांधायचं हेच ठाऊक नाही. हे कोडं जेन्सनने नव्हे, दुसरं एक कोडं वगळावं लागल्यावर निर्मात्याने ऐन वेळी घातलं, असं तिने नंतर सांगितलं आहे. २००० मध्ये एरिक वुलपॉ याने ‘ओल्ड मॅन मरे’ या संकेतस्थळावर या मिशांची पायरीपायरीने चिरफाड केली आणि या गेमांना कुणी मारलं नाही, त्यांनी स्वतःच जीव दिला, असा निष्कर्ष काढला. तोच वुलपॉ पुढे शेफरच्या ‘सायकोनॉट्स’चा आणि नंतर ‘पोर्टल’चा लेखक झाला.

त्या लेखाने एक मोठा अन्याय केला, असं मला वाटतं. त्याच गेममध्ये ‘ल सर्पां रूज’चं कोडं आहे. गूढ कडव्यांचा अर्थ लावत, गॅब्रिएलची सहकारी ग्रेस संगणकावर परिसराच्या नकाशावर वर्तुळं, चौकोन, रेषा मांडत जाते. एकेक कडवं म्हणजे एकेक पायरी, आणि खऱ्या गावाचा खरा भूगोल हळूहळू आकृतीत बसत जातो. इथे अडकणारा माणूस खऱ्या संशोधकासारखा अडकतो. मिशांची गोष्ट सगळ्यांना तोंडपाठ आहे, या नकाशाची फारच थोड्यांना.

१९९६ च्या ‘ब्रोकन स्वॉर्ड’मधली बकरी वेगळ्या कारणाने कुप्रसिद्ध झाली. आयर्लंडमधल्या पडक्या किल्ल्यात ती नायकाला ढुशी देऊन पाडते. उत्तर अगदी साधं: पडून उठता उठता, बकरी परत फिरायच्या आत, शेजारच्या अवजाराकडे धावायचं म्हणजे ती त्यात गुंतते. पण तोवर तासन्‌तास हा गेम तुमची वाट पाहत थांबत आला होता. इथे अचानक त्याने घड्याळ लावलं आणि सांगितलं नाही. योग्य उत्तर सुचलेले लोकही ते चुकीचं समजून सोडून देत.

याउलट ‘डे ऑफ द टेंटॅकल’ पाहा. १९९३, शेफर आणि ग्रॉसमन. एकाच घरात तीन मित्र, एक वर्तमानात, एक दोनशे वर्षं मागे, एक दोनशे वर्षं पुढे. भूतकाळातल्या मित्राने जमिनीत पुरायच्या पेटीत वाइन ठेवली की भविष्यातल्या मैत्रिणीला व्हिनेगर मिळतं. वर्तमानात कपडे सुकवायच्या यंत्रात स्वेटर टाकून पुरेशी नाणी घातली तर यंत्र दोनशे वर्षं चालतं, स्वेटर आटून एवढासा होतो आणि बर्फातून काढलेल्या, कुडकुडणाऱ्या हॅमस्टरला बसतो. काळ लोटला की वस्तू बदलते, हे एकच तत्त्व. ते एकदा उमगलं की घरातल्या प्रत्येक वस्तूकडे आपण वेगळ्या नजरेने पाहू लागतो, आणि गेममध्ये आपण मरत नाही, कायमचे अडकतही नाही.

२००१ मध्ये सुरू झालेल्या ‘स्कमव्हीएम’ प्रकल्पामुळे यांतले बरेच गेम आजच्या संगणकांवर आणि फोनवरही चालतात. गिल्बर्ट २०२२ मध्ये ‘रिटर्न टू मंकी आयलंड’ घेऊन परतला तेव्हा सूचनांची वही त्याने गायब्रशच्याच सामानात ठेवली, आधी पुसट इशारा आणि मग हळूहळू स्पष्ट. इन्फोकॉमची शाई इतक्या वर्षांनी गेमच्या आत आली.

कुणाला या सुट्टीत सुरुवात करायची असेल तर ‘डे ऑफ द टेंटॅकल’ची २०१६ मध्ये निघालेली नवी आवृत्ती घ्यावी. दोघांनी मिळून खेळावं, शक्य तर एक मोठा आणि एक लहान. पक्कड म्हणजे पक्कडच हे मुलांच्या मनात अजून तितकं घट्ट झालेलं नसतं. जवळ वही असावी. अडकलात तर त्या दिवशी उत्तर शोधू नका, बंद करून झोपायला जा.