डायनासोरच्या गव्हाणीत काय होते?

बाजारातून नवे जनावर आणायचे झाले तर आपण आधी काय पाहतो? तोंड उघडून दात पाहतो, पोट पाहतो. घरी आणल्यावर दुसऱ्या दिवशी शेण पाहतो. दातावरून वय कळते, पोटावरून खाणे कळते आणि शेणावरून वैरण अंगी लागते की नाही ते कळते. ही विद्या आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. गंमत अशी की, कोट्यवधी वर्षांपूर्वी नाहीशा झालेल्या डायनासोरांचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञही हेच करतात. दात, पोट आणि शेण!

डायनासोर म्हटले की मुलांच्या पुस्तकातले अक्राळविक्राळ, मांस फाडणारे जनावर डोळ्यांपुढे येते. तसे होतेच. पण झाडपाल्यावर जगणाऱ्या जातीही त्यांच्यात पुष्कळ होत्या. काही कोंबडीएवढ्या, तर काही आठ-दहा बैलगाड्या एकापुढे एक उभ्या कराव्यात एवढ्या लांब. आजवर हजाराहून अधिक जातींना नावे दिली गेली आहेत. एकेकाचे रूप पाहिले तर वाटते, हे असले ध्यान कशासाठी? त्याचे उत्तर बहुतेक वेळा त्याच्या गव्हाणीत सापडते. जशी वैरण, तसे शरीर.

न चावता गिळणारे

दक्षिण अमेरिकेतल्या अर्जेंटिना देशात एका शेतावरच्या कामगाराला जमिनीतून वर आलेले मोठे हाड दिसले. तिथे खोदकाम झाले आणि २०१७ साली त्या जनावराचे नाव जाहीर झाले, पॅटागोटायटन. लांबी सुमारे ३७ मीटर आणि वजन पन्नास टनांच्या वर! एवढ्या धुडाचे डोके मात्र अगदी लहान आणि दाढा मुळीच नाहीत. मग हे पोट भरत कसे?

या लांब मानेच्या कुळातली जनावरे पाला ओरबाडत आणि न चावता गिळून टाकत. पुढचे काम पोटाचे. गोबरगॅसच्या टाकीत शेण जसे कुजत, फुगत राहते, तसा तो पाला पोटात दिवसचे दिवस आंबत राही. चावायचेच नाही म्हटल्यावर जड जबडा नको, मोठे डोके नको. डोके हलके म्हणून मान लांब वाढवता आली. लांब दाव्याला बांधलेला बैल जागचा न हलता भोवतालचे गवत संपवतो ना, तसे हे जनावर एका जागी उभे राहून केवढ्या तरी परिसरातला पाला खाई. मानेच्या मणक्यांत पाखरांच्या हाडांसारख्या हवेच्या पोकळ्या होत्या. म्हणून एवढी मान पेलली.

दाताळे आणि जाते

सगळ्यांनीच गिळण्याचा मार्ग धरला नाही. आफ्रिकेत सहाराच्या वाळवंटात, नायजर देशात, नायजरसॉरस नावाचा डायनासोर सापडला. त्याचे तोंड पुढून अगदी सरळ आणि रुंद, आणि सारे दात त्या सरळ कडेवर एका ओळीत. जणू शेतातले दाताळेच! जमिनीलगतची नेच्यासारखी झुडपे तो खाई. अशा खाण्यात माती-रेती तोंडात येते आणि दात झिजतात. त्यावर उपाय काय? प्रत्येक दातामागे नव्या दातांची रांग तयार. साधारण चौदा दिवसांत जुना दात पडून त्याजागी नवा येई. असे वापरातले आणि रांगेतले मिळून पाचशेहून अधिक दात त्याच्या तोंडात होते.

बदकासारख्या चपट्या तोंडाच्या दुसऱ्या एका कुळाने जाते बसवले. शेकडो दात एकमेकांना चिकटून त्यांची एक खरबरीत फरशीच बने. वरची फरशी खालच्या फरशीवर घासली की कठीण पाल्याचेही पीठ होई. घरातले जाते झिजले की टाकी लावावी लागते. या जनावराच्या जात्यात मात्र खालून नवे दात येत राहत.

हात राक्षसाचे, तोंड बदकाचे

१९६५ साली मंगोलियातल्या गोबीच्या वाळवंटात दोन हात सापडले. नुसते हात! एकेक २.४ मीटर लांब, पुढे मोठाली नखे. बाकीचे जनावर नाही. एवढे हात ज्याचे, तो केवढा भयंकर शिकारी असेल, असा तर्क चालला. नावच पडले डायनोकायरस, म्हणजे भयंकर हाताचा. पुढे जवळजवळ पन्नास वर्षांनी, २०१४ साली, उरलेल्या सांगाड्याची माहिती प्रसिद्ध झाली आणि सगळे थक्क झाले. पाठीवर वशिंडासारखा उंचवटा, बदकासारखे चपटे तोंड आणि तोंडात एकही दात नाही! पोटाच्या जागी माशांचे अवशेष आणि हजाराहून अधिक गुळगुळीत खडे मिळाले.

हे खडे कशासाठी, ते आपल्या घरच्या गृहिणीला विचारा. कोंबडी अंगणात खडे का टिपते? तिला दात नाहीत. पोटातल्या जाड पिशवीत हे खडेच दाणे भरडतात. कोंबडी कापताना ती खड्यांची पिशवी तुम्ही पाहिली असेल. डायनोकायरसची तीच रीत होती. आणि यात नवल नाही, कारण आजची सारी पाखरे डायनासोरांच्याच एका शाखेतून आली आहेत. दारातली कोंबडी ही त्या घराण्याची लेक आहे.

आपल्या चंद्रपूरचे शेण

मंडळी, हे सारे परदेशातलेच आहे असे मात्र समजू नका. आपल्या चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याच्या बाजूला पिसदुरा नावाचे गाव आहे. तिथल्या शेतांत गोल, लांबट, मुठीएवढे दगड मिळतात. ते साधे दगड नव्हेत. ते दगड झालेले शेण आहे! १९३९ साली मॅटली या भूशास्त्रज्ञाने त्यांची तपशीलवार माहिती प्रसिद्ध केली. जवळच डोंगरगावला १९८०च्या दशकात एका लांब मानेच्या डायनासोरचा सांगाडा निघाला. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून आज त्याला आयसीसॉरस म्हणतात. पिसदुऱ्याचे शेण बहुधा याच भाऊबंदकीतल्या जनावरांचे.

शेतकऱ्याप्रमाणे शास्त्रज्ञांनीही ते शेण फोडून पाहिले. डॉ. वंदना प्रसाद, डॉ. अशोक सहानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली त्यातला शोध जगापुढे ठेवला. भाताचे किंवा उसाचे पाते हाताला कापते, ते कशाने? पात्यात वाळूच्या जातीचे बारीक कण असतात. पाला कुजला तरी हे कण कुजत नाहीत, आणि अनेक वनस्पतींत त्यांचा आकार निराळा असतो. पिसदुऱ्याच्या शेणात ताड, देवदाराच्या वर्गातली झाडे आणि इतर झाडपाला यांच्या खुणा निघाल्या. त्याबरोबर निदान पाच प्रकारच्या गवतांचे कणही निघाले!

यात विशेष ते काय? तोवर जगभर असे मानत की डायनासोर गेल्यावर पुष्कळ काळाने गवत पसरले. पिसदुऱ्याच्या शेणाने तो समज पुसून टाकला. २०११ साली त्याच शेणातून भाताच्या कुळातल्या गवताचीही खूण पटली. म्हणजे आज आपण ज्या भातावर जगतो, त्याचे दूरचे पूर्वज विदर्भाच्या भूमीवर डायनासोरच्या पोटात जात होते. ज्वारी, गहू, बाजरी, ऊस हे सारे गवताच्याच घराण्यातले. एका शेणाच्या दगडाने या घराण्याची वंशावळ केवढी मागे नेली, पाहा.

अंडी, साप आणि काकर भैरव

एवढ्या मोठ्या जनावरांची अंडी मात्र फुटबॉलपेक्षा मोठी नसत. गुजरातेत तेव्हाच्या खेडा जिल्ह्यातल्या ढोली डुंगरी येथे डॉ. धनंजय मोहबे यांना १९८० नंतरच्या काही वर्षांत असे घरटे मिळाले. अंड्यांजवळ नुकतेच बाहेर आलेले पिल्लू होते. पुढे त्या दगडात आणखी काही ओळखू आले. फुटलेल्या अंड्याभोवती वेटोळे घालून बसलेला साडेतीन मीटर लांबीचा साप! २०१० साली त्याचे नाव ठेवले ‘सनाजेह’. आजच्या अजगरासारखा जबडा त्याला फाकवता येत नसे. अख्खे अंडे त्याच्याने गिळवत नसे, म्हणून पिल्लू बाहेर पडायची तो वाट पाही. चिखलाची लाट आली आणि शिकार व शिकारी दोघेही तिथेच गाडले गेले.

मध्य प्रदेशात धार जिल्ह्यातल्या पाडल्या गावी शेतकरी गोल दगडांना ‘काकर भैरव’ म्हणून पूजत आले. काकर म्हणजे शेत. शेताची आणि गुराढोरांची राखण करणारा हा देव. २०२३ साली शास्त्रज्ञांनी सांगितले की, हे दगड म्हणजे डायनासोरची अंडी आहेत. पूजेमुळे ती कोणी फोडली नाहीत आणि म्हणून ती राहिली.

बांधावरचा दगड

सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी मेक्सिकोच्या बाजूला आकाशातून प्रचंड पाषाण आदळला. त्याच सुमारास आपल्या दख्खनवर लाव्हारसाचे थरावर थर पसरत होते. मोठे डायनासोर संपले. पाखरे वाचली. चोचीने बी टिपता येत असल्यामुळे ती तगली असावीत, असा एक अंदाज आहे. गवतही वाचले. त्या लाव्ह्याच्या काळ्या पाषाणापासून आपली काळी कसदार माती झाली. पिसदुऱ्याचे शेण आणि ढोली डुंगरीची अंडी ज्या थरांत मिळाली, ते थर बहुतेक जागी या काळ्या पाषाणाच्या खाली आहेत.

ही नोंद कोणा कपाटात नाही. ती शेतात, नाल्याच्या काठी, बांधावर, धुऱ्यावर पडलेली आहे. नांगरट करताना किंवा विहीर खणताना हाडासारखा, अंड्यासारखा किंवा शेणाच्या गोळ्यासारखा दगड लागला तर तो फोडू नका, विकू नका आणि जागचा हलवू नका. कारण कोणत्या थरात, कशाजवळ तो पडला होता, यातच निम्मी माहिती असते. जागेची खूण करून ठेवा. जवळच्या महाविद्यालयातल्या भूगर्भशास्त्राच्या प्राध्यापकांना किंवा नागपूरच्या भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या कार्यालयाला कळवा.

अर्जेंटिनातले ते हाड पहिल्यांदा शेतावर राबणाऱ्या माणसालाच दिसले. पाडल्याची अंडी शेतकऱ्यांनीच जपली. जमिनीकडे रोज लक्ष असते ते आपलेच. पुढचा दगड कदाचित तुमच्याच वखरापुढे येईल.