दुभाष्याची परीक्षा

समजा, तुमच्या नानी फक्त उर्दू बोलतात. रेशन कार्डाच्या कामासाठी त्यांना तहसील कचेरीत जायचे आहे. तेथील कारकुनांना मात्र उर्दू येत नाही. मग तुम्ही दोघांच्या मध्ये उभे राहता. नानींचे म्हणणे मराठीत सांगता आणि कारकुनांचे उत्तर उर्दूत सांगता. अशा माणसाला ‘दुभाषी’ म्हणतात.

संगणकातही असे दुभाषी असतात. संगणकाला प्रिंटर, कॅमेरा, माउस अशी अनेक उपकरणे जोडतात. संगणकाचा सर्व कारभार ‘ऑपरेटिंग सिस्टिम’ नावाचा मुख्य प्रोग्रॅम पाहतो; पण प्रत्येक उपकरणाची भाषा त्याला येत नाही. म्हणून उपकरणासाठी एक छोटा प्रोग्रॅम लिहितात. त्याला ‘ड्रायव्हर’ म्हणतात. हा ड्रायव्हर मोटार चालवणारा नव्हे, तर निरोप पोहोचवणारा दुभाषी होय.

साधा प्रोग्रॅम चुकला, तर बहुधा तो एकटाच बंद पडतो. पण अनेक ड्रायव्हर ऑपरेटिंग सिस्टिमच्या अगदी गाभ्यात काम करतात. तेथे एक चूक झाली, तरी सारा संगणक थांबतो. विंडोज ही ऑपरेटिंग सिस्टिम असेल, तर तिच्या जुन्या आवृत्त्यांत पडदा निळा होतो. पुढील नुकसान टळावे, म्हणून ती स्वतःच काम थांबवते.

आता सांगा, नवा ड्रायव्हर तपासायचा कसा? ज्या संगणकावर तो लिहिला, त्यावरच तो चालवला आणि संगणक बंद पडला, तर चूक शोधणार कोण? म्हणून पूर्वी दोन संगणक शेजारी ठेवून तारेने जोडत. एकावर ड्रायव्हर चालवत आणि दुसऱ्यावरून त्याच्यावर नजर ठेवत.

आज दुसरा संगणक विकत घ्यावाच लागतो, असे नाही. एका खऱ्या संगणकाच्या आत प्रोग्रॅमच्या साहाय्याने दुसरा, आभासी संगणक तयार करता येतो. खऱ्या संगणकाला ‘यजमान’ आणि आभासी संगणकाला ‘पाहुणा’ म्हणू या. पाहुणा बंद पडला, तरी यजमान सुखरूप राहतो. शिवाय पाहुण्याची चांगली स्थिती आधीच जतन करून ठेवता येते. तो कितीही बिघडला, तरी थोड्याच वेळात पुन्हा पहिल्यासारखा करता येतो.

परंतु ड्रायव्हरमध्ये एक ओळ बदलली, की सारी तपासणी पुन्हा करावी लागते. पाहुण्याला मूळ स्थितीत आणायचे, नवा ड्रायव्हर त्यात बसवायचा, पाहुणा बंद करून पुन्हा सुरू करायचा, उपकरण चालवून पाहायचे आणि काय घडले ते लिहून ठेवायचे. माणूस हे काम दहा वेळा नीट करील. विसाव्या वेळी तो कंटाळेल आणि एखादी पायरी गाळेल. म्हणून या सर्व आज्ञा क्रमाने एका फाइलमध्ये लिहून ठेवतात. मग संगणक स्वतःच ते काम रात्रभर न थकता करतो. पाहुणा बंद पडला, तर त्या क्षणी त्याच्या स्मृतीत काय होते, याची नोंद यजमानाकडे राहते. ‘डीबगर’ नावाचा प्रोग्रॅम ती नोंद वाचतो. त्यामुळे चूक कोठे झाली, याचा माग लागतो. अर्थात, आभासी तपासणीनंतर खऱ्या उपकरणावरची तपासणीही आवश्यक असते.

एवढा खटाटोप कशासाठी, असे तुम्हांला वाटेल. १९ जुलै २०२४ रोजी काय घडले, ते ऐका. क्राउडस्ट्राइक या कंपनीचा संरक्षक प्रोग्रॅम जगभरातील असंख्य संगणकांवर होता. त्याचा ड्रायव्हर गाभ्यात काम करीत असे. त्या दिवशी कंपनीने या प्रोग्रॅमसाठी माहितीची एक नवी फाइल पाठवली. तिच्यातील सूचनेप्रमाणे प्रोग्रॅम एकविसावी किंमत वाचू लागला. पण त्याला फक्त वीसच किमती पुरवलेल्या होत्या. नसलेली किंमत शोधताना संगणक कोसळले. कंपनीने ७८ मिनिटांत ती फाइल मागे घेतली. पण तोपर्यंत सुमारे ८५ लाख संगणक बंद पडले होते. विमाने रद्द झाली. रुग्णालयांतील कामे अडली. आपल्या देशातील काही विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले पास द्यावे लागले. अनेक संगणक तर माणसांनी एकेक करून दुरुस्त केले.

ती फाइल तपासलीच नव्हती काय? एका तपासनीस प्रोग्रॅमने ती तपासली होती. पण त्या प्रोग्रॅममध्येच दोष होता. आधीच्या फाइली नीट चालल्या होत्या, तेव्हा हीही चालेल, असा विश्वास ठेवला गेला. पुढे कंपनीने तपासण्या वाढवल्या आणि नवी फाइल थोड्याथोड्या संगणकांना टप्प्याटप्प्याने पाठवण्याचे ठरवले.

मित्रांनो, काल बरोबर चालले, म्हणून आज तपासणी गाळू नये. आभासी संगणक शंभर वेळा कोसळला, तरी कोणाचे विमान चुकत नाही. चुका व्हायच्याच असतील, तर त्या तेथेच झालेल्या बऱ्या!