कंगव्याने काढलेलं सागवान

जुनं कपाट दुरुस्तीला काढलं की सोलापुरात पहिला सल्ला ठरलेला असतो: घासून काढा आणि सनमायका चिकटवा. या सल्ल्याशी माझं अनेक वर्षांचं भांडण आहे. त्या मळकट तपकिरी थरात पुष्कळदा ग्रेनिंग असतं. साध्या देवदारावर, कधी तर लोखंडी पत्र्यावरही, रंगाऱ्याने हाताने उठवलेले सागवानाचे रेषे! एकदा घासले की गेले.

इतिहास थोडक्यात सांगतो. साध्या लाकडावर भारी लाकडाचा भास रंगवणं प्राचीन इजिप्तमध्येही होतं. इंग्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकात या कामाला बहर आला आणि १८५१च्या लंडन प्रदर्शनात रंगारी थॉमस केर्शॉने याच कामासाठी पदक मिळवलं. त्याआधी दोनच वर्षं, १८४९ मध्ये, कलासमीक्षक जॉन रस्किनने अशा रंगकामाला फसवणूक ठरवलं होतं. मला ते मुळीच पटत नाही. यात फसतं कोण? सागवान न परवडणाऱ्या घराने आपलं दार देखणं करून घेतलं, एवढंच.

शुक्रवार पेठेत एका वयस्क रंगाऱ्याला मी हे काम करताना पाहिलं आहे. लांबी भरून, पॉलिश पेपर मारून त्यांनी फिक्या बदामी ऑइल पेंटचे दोन हात आधीच दिले होते. ते पक्के वाळल्यावर वर तपकिरी रंगाचा पातळ हात, बेलतेल (उकळलेलं जवसाचं तेल) आणि टर्पेंटाइन घालून. तो ओला असतानाच कंगवा ओढायचा. कंगवा म्हणजे टायरच्या रबराचा दाते कापलेला तुकडा. पहिली ओढ सरळ. दुसरी बारीक दात्यांनी, किंचित तिरकी. तिने लांब रेषा तुटतात आणि लाकडाची छिद्रं दिसू लागतात. गाठ काढायला अंगठ्याला मलमलचं फडकं गुंडाळून टेकवायचं आणि जरासं फिरवायचं. मग आजूबाजूच्या रेषा त्या गाठीला वळसा घालून न्यायच्या. मी पुढच्या फळीकडे बोट दाखवलं तर म्हणाले, “थांबा की ओ, जोड बघा आधी.” उभ्या पट्टीवर उभे रेषे, आडवीवर आडवे, आणि जोडाशी रेषा सुरीने कापल्यासारखी थांबलेली! सुताराने दोन वेगळ्या फळ्या जोडल्या असत्या तर तिथे तसंच दिसलं असतं.

इथल्या उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, टर्पेंटाइन झपाट्याने उडतं आणि कंगवा अडकतो. म्हणून काम पहाटे, एका वेळी एकच फळी, आणि बेलतेल जरा सढळ.

विषय निघालाच आहे तर सावंतवाडीचा राजवाडा पाहून या. तिथे चितारी आजही गंजिफा, म्हणजे खेळायचे पत्ते, रंगवतात, पाट-चौरंगांवर वेलबुट्टी काढतात. तो रंग कशाचीही नक्कल करत नाही आणि तरी लाकूड झाकतोच. त्याला कुणी खोटं म्हणत नाही.

तुमच्या कपाटाला हात लावण्याआधी मागच्या कोपऱ्यात स्पिरिटचा बोळा फिरवा. थर चिकट झाला तर ते चपड्याचं पॉलिश. तसाच राहिला तर बहुधा ऑइल पेंट. कोरडं घासू नका. घरगुती रंगात शिशाची ९० पीपीएमची मर्यादा १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीच्या रंगात शिसं जास्त असू शकतं. पाणी लावून वॉटर पेपर वापरा, मास्क बांधा, मुलांना लांब ठेवा. आणि उडालेल्या जागीच नवे रेषे भरा. जुन्याशी रंग जुळेपर्यंत पुठ्ठ्यावर नमुने काढा, ते पूर्ण वाळू द्या, मगच व्हार्निशचा डबा उघडा.