पावसातला गारठा

आषाढ जवळ आला की काही तरुण मंडळी दवाखान्यात पायदुखीच्या गोळ्या मागायला येतात. त्यांना पन्हाळगड ते पावनखिंड चालायचे असते. जुलै १६६० मध्ये शिवाजी महाराज सिद्दी जौहरच्या वेढ्यातून निसटले, ती ही सुमारे ५० किलोमीटरची वाट. बहुतेक जण ती दोन दिवसांत चालतात. गोळ्या मी देतो, पण त्यांनी न विचारलेली थंडीची गोष्टही सांगतो.

आपण किनाऱ्यावरची माणसे. अलिबाग-मुरुडकडे पावसात भिजलो तरी आत घामच येत असतो. पावसात माणूस गारठून दगावू शकतो, हे आपल्याला पटत नाही. मलाही पटले नव्हते. १९९५ साली इंटर्नशिप संपवून मी त्याच वाटेने गेलो. मसाई पठारावर झाडाचा आडोसा नाही, वारा तर उभे राहू देईना. आमच्यातला एक जण मागे पडू लागला, अडखळू लागला, बोलणे जड झाले. आम्ही हसलो. मी, नवा कोरा डॉक्टर, त्याला म्हणालो, "भरभर चाल, अंग गरम होईल." पुढच्या वाडीतल्या एका आजींनी त्याला पाहताच ओले कपडे काढायला लावले, घोंगडीत गुंडाळून चुलीजवळ बसवले. तो वाचला तो त्यांच्यामुळे, माझ्या पदवीमुळे नव्हे.

स्थिर हवेच्या सुमारे २५ पट वेगाने पाणी अंगातली उष्णता ओढून घेते. त्यात वारा, थकवा आणि रिकामे पोट. शरीराचे तापमान ३५ अंश सेल्सियसखाली गेले की धोका सुरू होतो. आधी हुडहुडी भरते. ३२ च्या आसपास ती थांबते, आणि सोबत्यांना वाटते, बरे वाटू लागले! खरे तर तेव्हाच परिस्थिती हाताबाहेर जात असते.

असा माणूस दिसला तर त्याला चालवू नका. आडोशाला न्या, कोरडे कपडे घाला, डोके झाका. शुद्धीवर असेल, नीट गिळत असेल तर गरम गोड चहा द्या. गुंगीत असेल तर तोंडात काहीही घालू नका, दवाखाना गाठा. हातपाय चोळू नका. ब्रँडी तर नकोच; तिने ऊब वाटते, पण उष्णता अधिकच बाहेर जाते. जीनची पँट घरी ठेवा. कपड्यांचा एक कोरडा जोड आणि मोजे प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून न्या, आणि मुक्कामाला पोहोचेपर्यंत त्यांना हात लावू नका. रात्री पाय कोरडे राहिले तर चिखल्याही कमी होतात.

परतल्यावर महिनाभरात ताप आला, पोटऱ्या दुखू लागल्या, डोळे लाल झाले तर थांबू नका. उंदीर-गुरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्या-चिखलातून लेप्टोस्पायरोसिस होतो. डॉक्टरांना चिखल तुडवल्याचे आपणहून सांगा. गर्दीत आम्ही विचारायला विसरतो.