मधल्या फळीतला परदेशी: अहमद जाहूची गोवा-मुंबईतली कारकीर्द

मोरोक्कोचा मध्यरक्षक अहमद जाहू २०१७ साली एफसी गोवा संघात दाखल झाला तेव्हा एकोणतीस वर्षांचा होता. मायदेशी तो मोघ्रेब तेतुआन या क्लबकडून खेळला होता. तिथेच काही काळ प्रशिक्षक असलेले स्पेनचे सर्जियो लोबेरा गोव्याच्या संघाची सूत्रे हाती घेत होते आणि त्यांना ओळखीचा, भरवशाचा मध्यरक्षक हवा होता. पुढची सहा वर्षे, तीन हंगाम गोव्यात आणि तीन मुंबईत, जाहू इंडियन सुपर लीगमधल्या सर्वांत प्रभावी परदेशी खेळाडूंपैकी एक ठरला. गोल करणाऱ्यांच्या यादीत मात्र त्याचे नाव क्वचितच वर दिसते, कारण त्याचे काम वेगळे होते.

मध्यरक्षकांमध्येही जाहूची जागा सगळ्यांत मागची, बचावफळीच्या अगदी पुढ्यात. समोरच्या संघाचा हल्ला तिथेच मोडायचा आणि चेंडू मिळाला की आपला हल्ला तिथूनच सुरू करायचा. संघाकडे चेंडू असला की तो दोन बचावपटूंच्या मधोमध उतरे, पास येण्याआधी खांद्यावरून मागे नजर टाकून घेई आणि पहिल्याच स्पर्शात चेंडू मोकळ्या बाजूला वळवी. मग चाळीस-पन्नास मीटरचा तिरका पास थेट धावत्या विंगरच्या पुढ्यात. प्रेक्षकाचे डोळे चेंडूवर असल्याने पास निघण्याआधीचे हे काम बहुतेकांच्या नजरेतून सुटते, आणि या खेळाडूची किंमत खरी तिथेच कळते.

परदेशी खेळाडूला संघात जागा मिळवणे सोपे नसते. एका देशातून दुसऱ्या देशात जाताना जुन्या महासंघाकडून आंतरराष्ट्रीय हस्तांतरण प्रमाणपत्र यावे लागते, नोंदणी ठरावीक मुदतीतच करावी लागते. त्यावर संख्येची मर्यादा असते. इंडियन सुपर लीगमध्ये आधी एका वेळी पाच परदेशी खेळाडू मैदानात उतरू शकत. २०२१-२२ च्या हंगामापासून ही संख्या चारवर आली. संघ सहसा यातल्या जागा गोल करणाऱ्यांवर खर्च करतात. लोबेरा यांनी त्यातली एक जाहूला दिली आणि गोव्यात त्याच्या जोडीला स्थानिक मध्यरक्षक लेनी रॉड्रिग्ज खेळू लागला.

गोव्याचा संघ तेव्हा देखणा खेळत होता. १७ मार्च २०१९ रोजी अंधेरीच्या मैदानावर अंतिम सामन्यात त्याची गाठ बेंगळुरू एफसीशी पडली. नव्वद मिनिटांत गोल झाला नाही. जादा वेळेच्या पहिल्या सत्रात जाहूला दुसरे पिवळे कार्ड मिळाले आणि गोवा दहा जणांवर आला. शेवटच्या काही मिनिटांत कॉर्नरवर बेंगळुरूच्या, पण मूळच्या मुंबईकर राहुल भेकेने हेडरने गोल केला आणि चषक बेंगळुरूला गेला. कार्डे हा जाहूच्या खेळाचा कच्चा दुवा होता. हल्ला मोडणाऱ्याला टॅकल करावीच लागते, पण त्याचे हात-पाय जरा जास्तच सैल सुटत.

२०१९-२० मध्ये गोव्याने साखळीत अव्वल राहून लीग शील्ड जिंकली. त्यामुळे एएफसी चॅम्पियन्स लीगच्या गटफेरीत खेळणारा पहिला भारतीय क्लब होण्याचा मान गोव्याला मिळाला. पण हंगाम संपण्याआधीच लोबेरा यांना दूर करण्यात आले होते. ते मुंबई सिटीत गेले. त्यांच्यापाठोपाठ जाहू, बचावपटू मुर्तदा फॉल, ह्यूगो बूमूस आणि गोव्याचा मंदार राव देसाई हेही गेले.

मुंबईकडून त्याची सुरुवात वाईट झाली. २१ नोव्हेंबर २०२० रोजी नॉर्थईस्ट युनायटेडविरुद्धच्या पहिल्याच सामन्यात मध्यंतराआधी त्याला लाल कार्ड मिळाले आणि मुंबई हरली. करोनामुळे तो सगळा हंगाम गोव्यातल्याच तीन मैदानांवर, रिकाम्या प्रेक्षागृहांत झाला. २८ फेब्रुवारीला बांबोळीत एटीके मोहन बागानविरुद्ध शील्डचा फैसला होणार होता. सातव्या मिनिटाला जाहूच्या फ्री किकवर फॉलने हेडरने गोल केला आणि मुंबईने २-० असा विजय मिळवला. दोन्ही संघांचे ४० गुण झाले. परस्पर सामन्यांतल्या कामगिरीवर शील्ड मुंबईकडे आली.

पंधरवड्यातच, १३ मार्चला फातोर्ड्यात हेच दोन संघ अंतिम सामन्यात समोरासमोर आले. जाहूला समजून घ्यायचे तर हा सामना पाहावा. अठराव्या मिनिटाला त्याने स्वतःच्या गोलजवळ चेंडू गमावला आणि डेव्हिड विल्यम्सने मोहन बागानला आघाडी मिळवून दिली. अशा चुकीनंतर बहुतेक मध्यरक्षक जवळचे, सुरक्षित पास देऊ लागतात. जाहूने तसे केले नाही. अकरा मिनिटांनी त्याने मागून बिपिन सिंगच्या दिशेने लांब चेंडू टाकला आणि तो अडवण्याच्या धडपडीत बचावपटू तिरीने हेडरने आपल्याच जाळ्यात मारला. नव्वदाव्या मिनिटाला बिपिनने विजयी गोल केला. एकाच हंगामात शील्ड आणि चषक दोन्ही जिंकणारा मुंबई हा पहिला संघ ठरला. नोंदीत ती बरोबरी तिरीच्या स्वयंगोलाची आहे. जाहूच्या नावावर तिथे काहीच नाही.

लोबेरा २०२१ मध्ये मुंबई सोडून गेले, जाहू राहिला. ११ एप्रिल २०२२ रोजी रियाधमध्ये मुंबईने इराकच्या एअर फोर्स क्लबला २-१ असे हरवले. चॅम्पियन्स लीगमधला भारतीय क्लबचा हा पहिला विजय. निर्णायक गोल जाहूच्या कॉर्नरवर हेडरने झाला आणि तो करणारा होता राहुल भेके, जो आता मुंबईकडून खेळत होता.

२०२२-२३ मध्ये प्रशिक्षक डेस बकिंगहॅम यांच्या हाताखाली मुंबईने ४६ गुणांसह पुन्हा शील्ड जिंकली. गोव्यातली एक धरून जाहूची ही तिसरी शील्ड. त्या उन्हाळ्यात लोबेरा भारतात परतले आणि ओडिशा एफसीचे प्रशिक्षक झाले. जाहूही भुवनेश्वरला त्यांच्या संघात दाखल झाला.